बदलत्या गरजा आणि संस्थेची बांधणी

जुन्या वाड्यांत किंवा चाळींत राहणाऱ्या कुटुंबास जागा अपुरी पडूं लागली म्हणजे पहिला विचार सुचतो तो मधली भिंत काढून टाकण्याचा. घरधन्याच्या दृष्टीनें ही मागणी एका वाक्याची असते. परंतु अनुभवी गवंडी तें वाक्य ऐकून लगेच पहार उचलीत नाहीं. तो भिंतीची जाडी पाहतो, वरच्या मजल्यावर त्याच रेषेंत काय आहे याची चौकशी करितो, तुळयांचीं टोकें कोठें टेकलीं आहेत हें निरखतो, आणि मगच सांगतो कीं, ही भिंत नुसती आडोशाची आहे, कीं तिच्यावर भार आहे. आडोशाची असेल तर काम एका दिवसाचें. भाराची असेल तर आधीं टेकू द्यावे लागतील, लोखंडी तुळई घालावी लागेल, वरच्या बिऱ्हाडाची संमति मिळवावी लागेल, आणि कदाचित् भिंत न काढतांच जागा वाढविण्याची दुसरी एखादी युक्ति शोधावी लागेल. मागणीच्या शब्दांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. दोन्ही प्रसंगीं शब्द तेच असतात.

मोठ्या संस्थांच्या कारभारांतहि असाच प्रकार घडतो. बँक असो, विमा कंपनी असो, रेल्वे असो कीं शहराची महानगरपालिका असो, तिच्या वरिष्ठांच्या बैठकींत अधूनमधून एखादें वाक्य उच्चारलें जातें: अर्जावर एक रकाना वाढवावा, बिलावरील दर बदलावा, दूरध्वनीच्या क्रमांकांत एक आंकडा घालावा. वाक्य लहान असल्यामुळें कामहि लहानच असणार, अशी ऐकणारांची सहज समजूत होते. पुढें सहा महिन्यांनीं खर्च दुप्पट झालेला, ठरलेल्या तारखा टळलेल्या आणि खिडकीसमोर लोकांची रांग लागलेली, असें चित्र दिसूं लागलें म्हणजे दोष संगणकावर किंवा कारकुनावर ढकलला जातो. वस्तुतः चूक त्यांच्या हातीं काम येण्यापूर्वींच झालेली असते. वाक्य उच्चारलें गेलें त्या वेळीं त्याचा भार कशाकशावर पडणार आहे, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

हें पाहण्याचें एक स्वतंत्र शास्त्र गेल्या सुमारें चाळीस वर्षांत उदयास आलें आहे. त्यास ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. मराठींत ‘संस्थेची समग्र बांधणी’ असें म्हटलें तर अर्थ पोंचतो. या शास्त्राचा आरंभ बहुधा जॉन झॅकमन यांच्यापासून मानतात. हे अमेरिकेंतील आयबीएम कंपनींत होते, आणि त्यांचा या विषयावरील लेख १९८७ सालीं त्या कंपनीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. इमारत बांधणारे आणि विमान बनविणारे लोक एकाच वस्तूचीं निरनिराळीं चित्रें कां काढतात, असा प्रश्न झॅकमन यांनीं उपस्थित केला. मालकास जें चित्र लागतें तें वास्तुशास्त्रज्ञास पुरत नाहीं, आणि वास्तुशास्त्रज्ञाचें चित्र गवंड्याच्या उपयोगाचें नसतें. तरीहि हीं सर्व चित्रें एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत. संस्थेच्या संगणक-व्यवस्थेसहि हाच नियम लावावा, असें त्यांचें म्हणणें. पहिल्या लेखांत त्यांनीं काय, कसें आणि कोठें या तीन प्रश्नांचाच विस्तार केला होता. १९९२ सालीं जॉन सोवा यांच्यासमवेत लिहिलेल्या दुसऱ्या लेखांत कोण, केव्हां आणि कां हे तीन प्रश्न पूर्ण झाले. मराठी वाचकास या सहा प्रश्नांचें फारसें नवल वाटूं नये. कोणताहि चांगला फौजदार पंचनाम्याच्या वेळीं हेंच विचारीत असतो. नवल असलेंच तर याचें कीं, कोट्यवधि रुपये खर्चून संगणक बसविणाऱ्या संस्थांना हे प्रश्न कोणी तरी विचारून दाखवावे लागले.

पुढें १९९५ सालीं ‘द ओपन ग्रुप’ या संघटनेनें ‘टोगॅफ’ नांवाची एक कार्यपद्धति प्रसिद्ध केली. तींत संस्थेचे चार थर कल्पिले आहेत. सर्वांत वर प्रत्यक्ष कामकाज, म्हणजे संस्था कोणासाठीं काय करिते. त्याखालीं त्या कामास लागणारी माहिती. त्याखालीं ती माहिती हाताळणारीं सॉफ्टवेअरें. आणि तळाशीं यंत्रें व त्यांना जोडणाऱ्या तारा. या पद्धतीचें चित्र वर्तुळाकार आहे. कामाच्या पायऱ्या वर्तुळावर क्रमानें मांडलेल्या असून मध्यभागीं एकच गोष्ट ठेवलेली आहे, ती म्हणजे गरजांची नोंद. कोणत्याहि पायरीवर असतां नवी गरज उद्भवूं शकते, आणि ती उद्भवली कीं तिची फेरी मध्यभागांतून सर्व पायऱ्यांकडे जाते, असा त्याचा अर्थ. गरजा एकदां ठरल्या म्हणजे ठरल्या, हा जुना समज या चित्रानें निकालांत काढला. खरी अडचण यापुढें आहे. गरज बदलणार हें मान्य करणें सोपें असतें. ती बदलल्यानें काय काय हलेल हें आधीं सांगणें कठीण जातें.

एक उदाहरण श्रोत्यांपैकीं अनेकांनीं रांगेंत उभें राहून अनुभवलें असेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं पांचशें व एक हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा मध्यरात्रीपासून कायदेशीर चलन राहणार नाहींत, असें जाहीर केलें. चलनांतील एकूण मूल्यापैकीं सुमारें ८६ टक्के मूल्य या दोन नोटांत होतें. या निर्णयाच्या अर्थशास्त्रीय गुणदोषांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. येथें पाहावयाचें तें त्याच्यासमवेत आलेल्या एका लहानशा बदलाकडे. जुनी एक हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब व ७३ मिलिमीटर रुंद होती. पांचशेंची १६७ मिलिमीटर लांब व तितकीच रुंद. नवी दोन हजारांची नोट १६६ मिलिमीटर लांब व ६६ मिलिमीटर रुंद निघाली, आणि नवी पांचशेंची लांबी १५० मिलिमीटर झाली. कागदाचा तुकडा रुंदींत सात मिलिमीटरांनीं आंखडला, एवढीच गोष्ट.

आतां एटीएम यंत्राच्या पोटांत डोकावून पाहावें. नोटा ठेवण्यासाठीं त्यांत बंद पेट्या असतात. त्यांना कॅसेट म्हणतात. बहुतेक यंत्रांत अशा चार पेट्या असतात, आणि प्रत्येक पेटीचा आंतला खण ठराविक मापाच्या नोटेसाठीं बसविलेला असतो. शिवाय कोणत्या पेटींत किती किंमतीची नोट आहे, हें यंत्रास आणि त्याच्या पलीकडील बँकेच्या संगणकास सांगावें लागतें. यांपैकीं दुसरें काम दूर बसून करतां येण्यासारखें आहे. पहिलें मात्र येत नाहीं. खण बदलावयाचा तर माणसानें यंत्रापाशींच गेलें पाहिजे, आणि देशांत त्या वेळीं दोन लक्षांहून अधिक यंत्रें होतीं. तो माणूस एकटा जाऊनहि भागत नाहीं. तिजोरी उघडणारे निराळे, रोकड आणणारे निराळे, आणि यंत्र जाणणारा निराळा. १४ नोव्हेंबर २०१६ रोजीं रिझर्व बँकेनें आपले डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखालीं या एकाच कामासाठीं एक मंडळ नेमलें. बँका, यंत्रांचे उत्पादक, राष्ट्रीय देयक महामंडळ, यंत्रांचें जाळें सांभाळणाऱ्या कंपन्या, अशा अनेकांचा मेळ घालावा लागत असल्यामुळें काम गुंतागुंतीचें आहे, असें त्या वेळीं बँकेनेंच नमूद केलें होतें. मेळ घालण्याची गरज आहे हें मंडळ नेमतांना लिहिलें गेलें. नोटेचें माप ठरवितांना लिहिलें गेलें असतें तर अधिक उपयोग झाला असता.

तोंवर यंत्रांत मुख्यतः शंभराच्याच नोटा भरणें भाग होतें. एका पेटींत दोन हजार नोटा मावतात असें धरलें तर शंभराच्या नोटांनीं भरलेली पेटी दोन लक्ष रुपयांत रिकामी होते; तीच पांचशेंच्या नोटांनीं भरली असतां दहा लक्षांपर्यंत पुरते. रांगा लांबण्याचें एक कारण हें साधें गणित होतें. गुप्तता राखावयाची असल्यानें यंत्रें आधीं बदलून ठेवतां आलीं नाहींत, असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें, आणि त्यांत तथ्य आहे. गुप्तता हीहि एक गरजच होती. परंतु दोन गरजा परस्परांच्या आड येतात तेव्हांच तर परिणामांच्या मोजदादीचें खरें मोल असतें. गुप्तता सोडतां येत नाहीं असें ठरलें तर माप सोडतां येईल काय, हा पुढला प्रश्न. नव्या नोटेचें माप जुन्या नोटेइतकेंच ठेवलें असतें तर पेट्यांच्या खणांना हात लावण्याचें कारण पडलें नसतें. मापाचा बदल कांहीं काळ पुढें ढकलण्यासारखा होता. चलनाचा, सरकारच्या मतें, नव्हता. दोन्ही एकाच रात्रीं आले. पुढें २०१७ च्या ऑगस्टमध्यें दोनशेंची नवी नोट आली, २०१८ सालीं शंभराची नोटहि लहान झाली, आणि दर वेळीं यंत्रांपाशीं माणसें धाडण्याचें काम नव्यानें करावें लागलें.

यंत्रांची अडचण निदान दिसणारी होती. त्याच बदलाचा दुसरा परिणाम मात्र कोणत्याहि आराखड्यांत सांपडला नसता, कारण तो माणसांच्या बोटांत होता. जुन्या मालिकेंत शंभराची नोट १५७, पांचशेंची १६७ आणि हजाराची १७७ मिलिमीटर लांब होती. म्हणजे प्रत्येक पायरीस पुरता एक सेंटिमीटर फरक. दृष्टिहीन माणसें बोटांवर नोट ठेवून, तिची लांबी चांचपून, ती किती रुपयांची हें ओळखीत असत. बसमध्यें, भाजीच्या गाडीपाशीं, औषधाच्या दुकानांत त्यांना कोणास विचारावें लागत नसे. नव्या मालिकेंत शंभराची नोट १४२, दोनशेंची १४६ आणि पांचशेंची १५० मिलिमीटर. फरक चार मिलिमीटरांवर आला. नोटांवर उंचवट्याच्या खुणा असतात हें खरें, पण नोट हाताळून मऊ पडली म्हणजे त्या झिजतात. नव्या नोटा व नाणीं ओळखणें कठीण झाल्याची तक्रार घेऊन नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयांत गेली. रिझर्व बँकेनें १ जानेवारी २०२० रोजीं ‘मनी’ नांवाचें एक अ‍ॅप उपलब्ध करून दिलें. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली असतां तें तिची किंमत बोलून सांगतें. सोय चांगली आहे. मात्र पूर्वीं ज्या कामास एक अंगुळ पुरत असे त्यास आतां मोबाइल, त्याची बॅटरी आणि गर्दींत तो हातांत धरण्याचें धैर्य इतक्या गोष्टी लागूं लागल्या.

या प्रकरणांत शास्त्राच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, ‘नोट अंधांस ओळखतां यावी’ ही गरज कोणीं नवी मांडलेली नव्हती, आणि कोणीं रद्दहि केलेली नव्हती. ती जुन्या मापाच्या आश्रयानें मुकाट्यानें भागत होती. माप बदलतांच तिचा आधार गेला. संस्थांच्या व्यवहारांत अशा न बोललेल्या गरजा पुष्कळ असतात. जी गरज कागदावर आहे तिचा परिणाम शोधणें हें चिकाटीचें काम आहे. जी कागदावर नाहीं ती शोधण्यास मात्र ज्यांच्यावर परिणाम व्हावयाचा त्यांच्यापाशीं जाऊन बसावें लागतें. दुसरा मार्ग नाहीं.

मोजदाद करण्याची रीत सांगावयास सोपी आहे. प्रत्येक गरजेची नोंद करितांना ती कोणाची, कशासाठीं, आणि तिच्यावर कोणतें काम, कोणती माहिती, कोणतें सॉफ्टवेअर व कोणतें यंत्र अवलंबून आहे, हें तिच्यासमोर लिहून ठेवावयाचें. व्यापारी पेढीच्या खतावणींत जसे एका रकमेवरून दुसऱ्या पानावर जातां येतें, तसें या नोंदवहींत एका गरजेवरून तिच्या सर्व अवलंबितांवर जातां आलें पाहिजे. बदल सुचविला गेला कीं त्या ओळीवर बोट ठेवून चारी थरांत उतरावयाचें, आणि जेथें जेथें बोट अडेल तेथें विचारावयाचें: हें बदलावें लागेल काय, किती दिवसांत, कोणाच्या खर्चानें, आणि चुकलें तर पूर्वस्थितीवर येतां येईल काय. टोगॅफमध्यें बदलांचे तीन वर्ग केले आहेत. कांहीं बदल व्यवस्था हलकी करून खर्च वांचविण्यासाठीं असतात, कांहीं आहे त्याच व्यवस्थेंत भर घालतात, आणि कांहींमुळें मूळ बांधणीच पुन्हां करावी लागते. आडोशाची भिंत आणि भाराची भिंत यांत गवंडी करितो तोच हा भेद.

आचरणांत मात्र दोन विघ्नें येतात. एक असें कीं, ही नोंदवही एकदां उत्साहानें तयार होते आणि मग कपाटांत पडून राहते. संस्था पुढें जाते, वही मागें राहते. जुना नकाशा हातीं असणें हें नकाशा नसण्याहून अधिक धोक्याचें, कारण नकाशा नसलेला माणूस निदान रस्ता विचारतो. दुसरें विघ्न मनुष्यस्वभावाचें आहे. बदल सुचविणारा बहुधा वरिष्ठ असतो, आणि परिणाम ठाऊक असणारा बहुधा कनिष्ठ. वीस वर्षें एकाच टेबलावर बसलेल्या कारकुनास अमुक रकाना काढला तर वर्षअखेरचा ताळेबंद जुळणार नाहीं हें पक्कें माहीत असतें, पण बैठकींत त्याला कोणी बोलावीत नाहीं. तो निवृत्त झाला म्हणजे नोंदवहीचें सर्वांत मोलाचें पान त्याच्याबरोबर घरीं जातें.

मोजदाद आधीं झाली तर काय साधतें, याचें एक चांगलें उदाहरणहि आपल्याच देशांत आहे, आणि तें फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. गाजावाजा न होतां पार पडलेलें काम स्मरणांत राहत नाहीं, हा त्या कामाचा गौरवच समजावा. मोबाइलचे दहा आंकडी क्रमांक पुढें अपुरे पडतील अशी चिंता निर्माण झाली होती. उघड उपाय एका वाक्याचा होता: क्रमांक अकरा आंकडी करावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २९ मे २०२० रोजीं आपल्या शिफारशी दिल्या, आणि हा उपाय टाळला. दहा आंकडे ही गोष्ट केवळ दूरध्वनी कंपन्यांच्या यंत्रांतच राहत नाहीं, हें तेथें ओळखलें गेलें होतें. बँकेचें खातें, गॅसची नोंदणी, शाळेचा अर्ज, रुग्णालयाचा केसपेपर, या प्रत्येक ठिकाणीं दहा चौकोन छापलेले असतात, आणि त्यांमागच्या संगणकांतहि दहाच आंकड्यांची जागा राखलेली असते. घरोघरच्या मोबाइलमध्यें साठविलेले क्रमांक ज्याचे त्यानें सुधारावयाचे. त्यांत चुका होणार, लागूं नयेत तेथें फोन लागणार.

मग दुसरी वाट शोधण्यांत आली. घरगुती दूरध्वनीचे, म्हणजे तारेच्या फोनचे, क्रमांक २ ते ६ या आंकड्यांनीं सुरू होतात. तारेच्या फोनवरून कोणीं २ हा आंकडा प्रथम फिरविला तर दूरध्वनी केंद्र समजतें कीं, हा गांवांतलाच क्रमांक आहे. म्हणून या आंकड्यांनीं सुरू होणारे बहुतेक क्रमांक मोबाइलला देतां येत नव्हते. तारेच्या फोनवरून मोबाइलला लावतांना आधीं शून्य फिरवावें एवढा नियम केला तर केंद्राचा हा संभ्रम उरत नाहीं, आणि अडकून पडलेले क्रमांक मोकळे होतात. ट्रायच्या हिशेबानें त्यांची संख्या २५४ कोटि ४० लक्ष भरली. १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम अमलांत आला. मोबाइलवरून मोबाइलला, मोबाइलवरून तारेच्या फोनला, किंवा तारेच्या फोनवरून तारेच्या फोनला लावतांना कांहींच बदललें नाहीं. देशांतील बहुतेकांना बदल झाल्याचें कळलेंहि नसेल. मूळ गरज ‘अधिक क्रमांक हवेत’ ही होती, ‘अधिक आंकडे हवेत’ ही नव्हती. हा भेद परिणाम मोजावयास बसल्याशिवाय दिसत नाहीं. मोजदादीस पुष्कळ अधिकारी कामांतला अडथळा समजतात. या ठिकाणीं तिनें कामच हलकें केलें.

बदलाचा परिणाम जसा जागोजाग पसरतो तसा तो काळांतहि मागेंपुढें पसरतो. वस्तु व सेवा कर, म्हणजे जीएसटी, १ जुलै २०१७ रोजीं लागूं झाला, आणि त्यानंतर त्याचे दर अनेकदां बदलले. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं तर बहुतांश वस्तूंसाठीं १२ व २८ टक्क्यांचे टप्पे काढून ५ व १८ हे दोन मुख्य टप्पे ठेवण्यांत आले. दुकानदाराच्या संगणकांत वस्तूपुढें दराचा एकच आंकडा लिहिण्याची सोय असेल तर तो खोडून नवा घालणें हें क्षणाचें काम. परंतु दुसऱ्या दिवशीं एखादा गिऱ्हाईक जुन्या बिलावरील वस्तु परत घेऊन येतो. तिचा कर जुन्याच दरानें परत करावयास हवा, आणि तो दर तर पुसला गेलेला असतो. काम एका तारखेस झालें, बिल दुसऱ्या तारखेस दिलें आणि पैसे तिसऱ्या तारखेस आले, व या तारखांच्या मध्यें दर बदलला, तर कोणता दर लावावयाचा याचें उत्तर कायद्याच्या १४ व्या कलमांत दिलें आहे. त्याचा गोळाबेरीज आशय असा कीं, तीनपैकीं दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूस पडतील त्या बाजूचा दर. म्हणजे संगणकास नुसता दर ठाऊक असून भागत नाहीं. प्रत्येक दर कधींपासून कधींपर्यंत होता हेंहि ठाऊक असावें लागतें. ज्यांनीं आपलें सॉफ्टवेअर रचतांना दरासमोर तारखेचा रकाना प्रथमपासूनच ठेवला होता त्यांना या वेळीं एक ओळ वाढवावी लागली. ज्यांनीं ठेवला नव्हता त्यांना सर्व पाया उकरावा लागला. सरकारी आज्ञा दोघांना एकच होती.

जुने व नवे कांहीं काळ एकत्र नांदतील अशी व्यवस्था करून ठेवणें, हा या शास्त्रांतील सर्वांत शहाणपणाचा भाग होय, आणि हें शहाणपण संगणकांच्या आधीचें आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं भारतानें दशमान नाणेंपद्धति स्वीकारली. तत्पूर्वीं रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पै १९२ असत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हिशेबाच्या वह्या, टपालाचीं तिकिटें, रेल्वेचीं भाडीं, शाळेंतील गणिताचीं पुस्तकें, वाण्याच्या तोंडचे भाव, इतक्या ठिकाणीं हा बदल पोंचणार होता. बदल करणारांनीं रुपयास हात लावला नाहीं. त्यामुळें पगार, कर्जे, भाडेपट्टे आणि बँकांच्या शिलका जशाच्या तशा राहिल्या. हलली ती फक्त रुपयाखालची मोड. त्यांतहि चार आणे म्हणजे बरोबर २५ नये पैसे आणि आठ आणे म्हणजे ५० असा मेळ आपोआप बसला. अडचण आली ती आण्याची. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, आणि सव्वा पैशाचें नाणें नाहीं. कोष्टकें छापून एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस असे आंकडे ठरविले गेले. तीन वेळां एक एक आण्याची वस्तु घेतली तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस. या एका पैशावरून दुकानोदुकानीं किती वाद झाले असतील, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. तथापि जुनीं नाणीं एका रात्रींत बाद झालीं नाहींत. कांहीं वर्षें दोन्ही प्रकारचीं नाणीं एकाच गल्ल्यांत पडत होतीं, आणि त्यांचा घोटाळा होऊं नये म्हणून नव्या पैशास ‘नया’ हें विशेषण जोडलेलें होतें. इंग्लंडनें १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं हाच बदल केला तेव्हां तेथेंहि पौंड तसाच ठेवून पेनीस ‘नवी’ म्हणण्यांत आलें, आणि नाण्यांवरून तो शब्द निघण्यास १९८२ साल उजाडलें. आपल्याकडे ‘नया’ हा शब्द १ जून १९६४ रोजीं गळाला. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें; तोंवर, म्हणजे आणा संपल्यावर अर्धें शतक उलटून गेलें तरी, बाजारांत त्यास चार आणेच म्हणत.